डोंगराकडचं गोड, नदीकडचं खारं

अकोल्याहून सुटलेली अकोटची गाडी उगवा, गांधी स्मारक रोड आणि पाटसूल ही तीन स्थानकं घेत जाते. पूर्णा ओलांडली की खिडकीबाहेर काळी, सपाट, झाडं विरळ असलेली जमीन सुरू होते. एखादी विहीर दिसते, पण तिच्याभोवती ओलीत दिसत नाही. उत्तरेकडे सातपुड्याची निळी रेघ हळूहळू जाड होत जाते. अकोट मागे टाकून त्या रेघेच्या रोखाने निघालं, की थोड्याच अंतरात संत्र्याच्या बागा, केळी आणि पानमळे लागतात. ऊन तेच, पाऊस कमी-अधिक तेवढाच. बदललेलं असतं ते जमिनीखालचं पाणी.

हे गाव कागदोपत्री दोन तऱ्हांनी लिहितात, अकोट आणि आकोट. दोन्ही पाट्या शहरात सापडतात. २०११ च्या जनगणनेत नगरपालिकेची लोकसंख्या ९२,६३७ भरली. अकोला जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा हा तालुका, वर मेळघाट, पूर्वेला अमरावती जिल्ह्यातले अंजनगाव सुर्जी आणि दर्यापूर, पश्चिमेला तेल्हारा, दक्षिणेला पूर्णा. एवढी चतुःसीमा सांगितली की सरकारी वर्णन संपतं. पण या तालुक्याला समजून घ्यायचं तर त्याला उभं, डोंगरापासून नदीपर्यंत वाचावं लागतं. अवघ्या ३५-४० किलोमीटरांच्या उतारात इथं तीन मुलूख एकाखाली एक आहेत: डोंगर, गोड्या पाण्याचा पट्टा आणि खारपाण. पीक, जमिनीचा भाव, सोयरीक, मोर्चे, निवडणुकीतली आश्वासनं हे सगळं या तीन मुलखांनुसार वाटलं गेलं आहे.

खचलेल्या जमिनीची गोष्ट

सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीला एक मोठा तडा आहे. त्याच्या उत्तरेचा भाग उंच राहिला, त्याला आपण गाविलगडचे डोंगर म्हणतो. दक्षिणेचा भाग खाली बसला आणि त्या खोलगट भागात लाखो वर्षं गाळ साचत गेला. तीच आजची पूर्णेची सपाटी. पूर्णा उगम पावते मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, वऱ्हाडातून पश्चिमेकडे वाहत जाते आणि चांगदेवला तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांचा गाळ शेकडो फूट खोल आहे.

डोंगरातून उतरणारे नदी-नाले सपाटीला लागले की त्यांचा वेग तुटतो. जड दगडगोटे, वाळू, रेती पायथ्याशीच पडते आणि बारीक चिकणमाती पुढे नदीपर्यंत जाते. पायथ्याच्या गोट्यांत पाणी झरझर मुरतं, वाहतं राहतं, म्हणून ते गोड. पुढच्या चिकणमातीत ते अडकून पडतं. उतार नाममात्र, निचरा मंद, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे. पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतात. इथले जुने लोक म्हणतात, पूर्वी या जागी समुद्र होता. अभ्यासकांमध्ये त्यावर मतांतरं आहेत. पण गाळात कोंडलेले क्षार आणि न होणारा निचरा ही कारणं बहुतेकांना मान्य आहेत. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या शेकडो गावांना या खारपाणपट्ट्याने व्यापलं आहे. अकोट शहराच्या दक्षिणेकडची चोहोट्टा बाजार, पाटसूल अशी गावं त्यातच येतात.

मिठाचा मुलूख

खारपाणातल्या एका घरी उन्हाळ्यात गेलो होतो. घरच्या वहिनींनी आधी विचारलं, "भाऊ, पाणी कॅनचं देऊ का हिरीचं?" मी विहिरीचं मागितलं. त्या हसल्या आणि कॅनचंच आणलं. "पावन्याले हे देत नाई आमी," म्हणाल्या. मग माझ्या हट्टाखातर अर्धा पेला विहिरीचं दिलं. पहिला घोट जिभेवर फार वाईट लागत नाही. घशाखाली उतरल्यावर कडवट खारेपणा वर येतो आणि तहान होती त्याहून वाढते. या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा केला तर तोही खारट. भांड्यांवर पांढरा थर चढतो. अंघोळीला ते चालवून घेतात. मूत्रपिंडाच्या आजारांची धास्ती तर प्रत्येक गावात ऐकू येते.

शेतीसाठीही या पाण्याचा उपयोग नाही, आणि हे बाहेरच्या माणसाला चटकन पटत नाही. विहिरीला पाणी आहे, मोटार बसवता येते, मग ओलीत का नाही? कारण या पाण्यातलं सोडियम मातीच्या बारीक कणांना सुटं करतं आणि ते कण मातीतली छिद्रं बुजवतात. दोन-चार हंगाम पाणी दिलं की जमीन चिबडते. पाऊस पडला तर वर तळं साचतं, उघडीप मिळाली तर दगडासारखी कडक होऊन भेगा पडतात. म्हणून इथला कास्तकार पायाखाली पाणी असून कोरडवाहू आहे. खरिपात मूग, उडीद, पऱ्हाटी, तूर. पूर्वी ज्वारी, आता सोयाबीन. आणि पावसाच्या ओलीवर जमला तर हरभरा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या जमिनींसाठी जिप्सम, रुंद वरंबा-सरी, शेततळी असे उपाय सुचवले. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही पूर्णा खोऱ्यातली खारपाणाची गावं वेगळी मोजून घेतली गेली. शेततळं इथं खरोखर उपयोगी पडतं, कारण ते पावसाचं गोड पाणी खाऱ्या जमिनीच्या वर धरून ठेवतं. पण त्यासाठी वावरातला तुकडा द्यावा लागतो, आणि दोन-तीन एकरवाल्याला तो जड जातो.

या मिठाने एकदा मात्र वऱ्हाडाला इतिहासात जागा मिळवून दिली. पूर्वी इथल्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत; इंग्रजी अमलात ते बंद झालं. १९३० साली गांधीजी दांडीला पोचले तेव्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या विदर्भाने सत्याग्रह करायचा कुठं, हा प्रश्नच होता. उत्तर खारपाणाने दिलं. १३ एप्रिल १९३० रोजी पूर्णेकाठच्या पट्ट्यातल्या दहीहांड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडला गेला. ज्या पाण्याने पिढ्यान्‌पिढ्या फक्त जाच दिला त्याचं त्या दिवशी हत्यार झालं. पुढे १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचं विसर्जन पूर्णेत जिथं झालं, ते गाव आज गांधीग्राम म्हणून ओळखलं जातं. रेल्वे स्थानकाच्या 'गांधी स्मारक रोड' या नावामागे हीच आठवण आहे.

पिण्याच्या पाण्यावरचा उपाय वरून आला. तेल्हारा तालुक्यात वारी भैरवगडला वान नदीवर धरण आहे, हनुमान सागर. तिथून अकोट आणि तेल्हाऱ्यातल्या गावांसाठी '८४ खेडी' योजना निघाली. खारपाणातल्या बायकांचे किती तास या नळांनी वाचवले, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही, मांडायला हवा. तरी गावात गप्पा सुरू झाल्या की पहिला विषय 'नळ किती दिवसाआड येतो' हाच असतो. खारपाणात पोरगी द्यायला लोक कचरतात, हे उघडपणे बोललं जातं. सोयरिकीच्या बैठकीत मुलाचं शिक्षण आणि वावर विचारून झालं की पाण्याचा प्रश्न येतोच.

गोड पट्ट्याची श्रीमंती आणि तिचा तळ

अकोटच्या उत्तरेला पोपटखेड, शहानूरच्या दिशेने जाताना चित्र पालटतं. हा संत्र्यांचा मुलूख. आंब्या बहार धरायचा की मृग, ताण किती दिवस द्यायचा, कोळशी आली तर काय फवारायचं, या बोलण्यात इथल्या माणसाचं वर्ष जातं. केळी आहे, भाजीपाला आहे, आणि बारी समाजाने जपलेली नागवेल आणि पानपिंपळी आहे.

पानपिंपळी म्हणजे आयुर्वेदातली पिंपळी, त्रिकटूतली एक. अंजनगाव सुर्जी, अकोट आणि तेल्हारा या सलग पट्ट्यात ती पिकते. मळ्यात शिरण्याआधी चपला बाहेर काढतात. पानमळा हे देवघर मानायची जुनी रीत आहे. आत एकदम गारवा. पांगारा, शेवरी, हादगा अशा झाडांच्या दाट ओळी, त्यांच्या आधाराने चढलेले वेल, खाली सतत ओली राहणारी माती. हिरवी, बोटाच्या पेराएवढी कणसं पिकण्याआधी हाताने खुडायची, उन्हात अंथरायची, काळी पडून खडखडीत वाजू लागली की पोत्यात भरायची. दलालाकडे पोचेपर्यंत प्रत्येक कणीस माणसाच्या बोटांतून जातं. सगळ्या उन्हाळ्यात या वेलाला सावली आणि पाणी द्यावं लागतं. आठ दिवस चुकले तर मळा बसला. म्हणजे हे पीक पायथ्याच्या गोड्या पाण्यावर सर्वस्वी टांगलेलं आहे.

आणि तेच पाणी खाली चाललं आहे. आधी विहिरी होत्या, मग विहिरीत आडवे-उभे बोअर मारले, मग थेट कूपनलिका. गोट्यांच्या थरात खोदणं महाग आणि बेभरवशाचं; यंत्र अडकलं तर पैसा बुडाला. तरी शेकडो फूट जाणारे जातात, कारण संत्र्याची आठ-दहा वर्षांची बाग वाळताना पाहणं जास्त महाग. पाणी झरझर मुरतं हा पट्ट्याचा गुण, तसंच ते उपसलंही झरझर जातं. पावसाचं पाणी मुरण्यासाठी याहून चांगली जागा पूर्णा खोऱ्यात नाही, आणि उपशासाठी याहून सोपी जागाही नाही. दुसऱ्या गोष्टीवर पैसा लागला. पहिलीवर पुरेसा लागला नाही.

डोंगर: वर तळी, खाली वसाहती

शहानूरच्या डोक्यावर नरनाळा उभा आहे, ९७३ मीटर उंचीवर. बहमनी काळात त्याची डागडुजी झाली. महाकाली दरवाज्यावरचा १४८७ सालचा शिलालेख फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्कचा, ज्याने पुढे वऱ्हाडात इमादशाही स्थापली. अकबराच्या काळात नरनाळा वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं. नऊगजी तोफ, राणीमहाल, शक्कर तलाव दाखवायला वाटाडे मिळतात. माझ्या मते गडावरची सगळ्यात शहाणी गोष्ट म्हणजे तिथली तळी. बावीस तळी सांगतात, त्यांतली काही बारमाही. पाणी पडतं तिथंच ते धरायचं, हे गड बांधणाऱ्यांना कळलं होतं. सपाटीवरची सत्ता कुणाची हे मात्र सपाटीवरच ठरलं: २९ नोव्हेंबर १८०३ रोजी पायथ्याच्या अडगावला इंग्रज सेनापती वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि पंधरवड्यानंतर गाविलगडचा किल्लाही पडला. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला आणि कापसाचं राज्य सुरू झालं.

आज नरनाळा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. हा प्रकल्प १९७४ चा, देशातल्या पहिल्या काही प्रकल्पांपैकी. डोंगरातली मुख्य वस्ती कोरकूंची. त्यांची भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्या गोतातली नाही. मुंडारी, संथाळी यांच्या कुळातली, आणि त्या कुळाचं भारतातलं सगळ्यात पश्चिमेकडचं टोक. गावच्या वेशीला मुठवा देव, होळीला फगवा, जंगलात मोहा. कोदो-कुटकीची शेती आटली तशी माणसं हंगामाला खाली उतरू लागली. सोयाबीन सोंगायला, हरभरा काढायला अकोट-तेल्हाऱ्याच्या वावरांत कोरकू मजुरांची टोळी नसेल तर कास्तकाराचं अडतं.

काहींना कायमचंच उतरवलं गेलं. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली बोरी, कोहा, कुंड ही गावं या शतकाच्या सुरुवातीला उठली. पुढे केलपाणी, गुल्लरघाट, धारगड, सोमठाणा अशी अनेक. त्यांच्या वसाहती अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आल्या. कुटुंबाला दहा लाखांचं पॅकेज, सरळ रेषेत आखलेली घरं, डांबरी रस्ता. पण जंगलात पैशाशिवाय मिळणारं सरपण, मोहा, भाजी, चारा इथं विकत घ्यावा लागतो. जमीन आणि आरोग्यसेवेच्या तक्रारी घेऊन पुनर्वसित गावकरी जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा केलपाणीच्या जंगलात गेले. वनविभाग आणि पोलिसांशी त्यांची झटापट झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. वाघाला जागा मिळाली हे खरं. माणसांनी दिलेल्या जागेची परतफेड झाली का, हा प्रश्न वसाहतींत अजून ताजा आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी धारगडच्या महादेवाला सपाटीवरून भाविकांची रीघ लागते. त्या दिवसापुरता रस्ता उलटा वाहतो.

पायथ्याच्या शेतकऱ्याचं वाघाशी फारसं वाकडं नाही. त्याचं भांडण रोही आणि डुकरांशी आहे. तूर फुलावर आली की मचाणावर जागल सुरू होते. एका रात्रीत अर्धा एकर झोपवणाऱ्या कळपापुढे बॅटरी आणि डबा वाजवणं हीच शस्त्रं.

बाजार, संत आणि गाडी

या तिन्ही मुलखांची गाठ पडते ती अकोटच्या बाजारात. विसाव्या शतकाच्या आरंभी अठरा हजारांच्या घरात वस्ती असलेलं हे गाव सतरंज्यांसाठी नावाजलेलं होतं आणि कापसासाठी त्याहून जास्त. आजही कापसाचा भाव 'अकोटले काय निघाला' असं आसपासच्या तालुक्यांत विचारतात. हर्रास सुरू झाली की व्यापारी गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालतो, तळातला पुंजका बाहेर काढतो, ओल पाहतो, धागा दोन्ही अंगठ्यांत ओढून लांबी जोखतो. हे सगळं पाच-सात सेकंदांत. गाडीवाला त्या वेळी बाकी कुठं न बघता फक्त त्याच्या चेहऱ्याकडे बघत असतो. वर्षाचा हिशेब तिथं लागतो.

त्या हिशेबातला मोठा खर्च निंदणाचा. त्यातूनच १० जून २०१९ रोजी तालुक्यातल्या अकोली जहागीर गावात शेतकरी संघटनेने मंजुरी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरलं. गुन्हे दाखल झाले, देशभर चर्चा झाली. विरोधकांचे पर्यावरणाचे प्रश्न खोटे नव्हते. पण निंदायला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, ही कोरडवाहू शेतकऱ्याची ओरडही खोटी नव्हती. दहीहांड्याच्या मिठानंतर ८९ वर्षांनी त्याच मुलखात पुन्हा सविनय कायदेभंग झाला.

अकोटचं मन समजायचं तर नरसिंग महाराजांच्या मंदिरात जावं. हे मराठा कुळातले संत. त्यांचे गुरू कोतशा अली मुसलमान. शेगावचे गजानन महाराज त्यांना भेटायला अकोटला आले होते, ही कथा वऱ्हाडात घरोघर ठाऊक आहे. मुंडगावला गजानन महाराजांच्या पादुका, शहरालगत वासुदेव महाराजांचं श्रद्धासागर. मराठी, वऱ्हाडी, दखनी उर्दू आणि कोरकू एकाच बाजारात कानी पडाव्यात, असं हे गाव. इथं तणावाचे प्रसंगही येऊन गेले आहेत. पण गुरू-शिष्यांची ती जोडी गावाने आपल्या नावाशी बांधून ठेवली आहे.

दळणवळणाची गोष्ट मात्र तुटक. अकोला-खंडवा मीटरगेजवरून एकेकाळी हैदराबादकडच्या गाड्या उत्तर भारतात जात. मेळघाटात धूळघाटला रूळ स्वतःवरूनच वळसा घेऊन चढत. २०१७ च्या आरंभी रुंदीकरणासाठी मार्ग बंद झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीग्रामचा इंग्रजांच्या काळातला पूल तडा जाऊन वाहतुकीला बंद पडला आणि अकोला-अकोट रस्ताच खुंटला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी अकोल्याहून अकोटपर्यंत ब्रॉडगेज गाडी सुरू झाली तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अकोटच्या पुढे मात्र वाघाचं जंगल आहे. रूळ तिथून न्यायचे की हिवरखेड, सोनाळा, जामोदकडून वळवायचे, हा वाद बरीच वर्षं चालला. राज्य सरकारने २०२१ मध्ये जंगल टाळण्याची मागणी केली. वळसा लांबचा, पण त्या वाटेवर गावं आहेत, उतारू आहेत. मला तो वळसाच योग्य वाटतो.

हिशेब

आजवरच्या उपायांचा आढावा घेतला तर एक चाल दिसते: डोंगराकडून काहीतरी खाली आणायचं. वानचं पाणी नळाने खाली आलं. मेळघाटातली माणसं पॅकेजने खाली आली. पुढे वानच्याच पाण्यावर अकोला शहराचा आणि बाळापूरकडच्या गावांचा हक्क सांगितला गेला, तेव्हा तेल्हाऱ्याचे शेतकरी रस्त्यावर उतरले. दोन्ही बाजूंना तहान आहे. फरक एवढाच की एकीची तहान पिण्याची आणि दुसरीची पिकाची. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम हवाच. पण एकाच धरणात प्रत्येक वर्षी नवा पाइप सोडला तर तंटा मिटणार नाही, फक्त वाढत जाईल.

१० मे २०२५ रोजी भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तापी खोऱ्यातल्या महापुनर्भरण योजनेचा करार केला. तापीचं पुराचं पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याकडे वळवून तिथल्या गोट्यांच्या थरात मुरवायचं, अशी तिची कल्पना. कागदावर ती या भूगोलाला धरून आहे. तरी आंतरराज्य कालवे व्हायला पिढी जाते. तोवर नाल्यांवर बंधारे, पायथ्याला पाझर तलाव, खारपाणात शेततळी आणि उपशाला गावाने घातलेली मर्यादा, हे तालुक्याच्या हातातलं आहे. आणि त्यासाठी आधी सरकारदप्तरी 'अकोट तालुका' असं एकच खातं न ठेवता तीन मुलखांची तीन खाती उघडावी लागतील. पायथ्याला मुरवण्याचा निधी, खारपाणाला साठवण्याचा, आणि उठवलेल्या गावांना जमिनीचा.

१९३९ साली दासगणूंनी लिहिलेल्या 'श्री गजानन विजय' ग्रंथात, जिथं ते बियाणं पेरलं गेलं त्याच अकोलीची एक कथा आहे. तहानेले महाराज वावरात भास्कर पाटलाकडे पाणी मागतात. गावातून डोक्यावर घागर वाहून आणलेली, म्हणून तो नाकारतो. महाराज बारा वर्षं कोरड्या पडलेल्या विहिरीकडे जातात आणि तिला पाणी लागतं. मग भास्कराला सांगतात, आता दुरून पाणी वाहणं सोड आणि मळा कर. भाविकाला त्यात चमत्कार दिसतो. मला त्यात अकोटच्या कास्तकाराची पिढ्यांची इच्छा दिसते: पाणी दुरून वाहून आणायला लागू नये, आपल्याच विहिरीत असावं, आणि ते गोड असावं.